शनिवारची पॅसेंजर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज सोसायटीचा हॉल उघडला. कुलूप गंजलेलं, पंखा एकच चालतो, खुर्च्यांवर गणपतीच्या मांडवाचा रंग उडालेला. चालेल.

सेक्रेटरी संतोषराव नाव सुचवत होते, 'सांजवेळ' की असंच काहीतरी. मी म्हटलं, नाव नको, दारावर वेळ लिहा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. ज्यांची आठवण गेली त्यांना विसावा नको असतो, दिवस हवा असतो. घरात दिवसभर टीव्हीपुढे बसवलं की माणूस भिंतीसारखा होतो, हे मी आमच्याच घरी पाहते आहे.

चार जण आले. एक आमचे हे. सगळं आयुष्य रेल्वेत गेलं, मनमाडहून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले, आणि गेल्या वर्षापासून मला 'बाई' म्हणतात. शाळेतल्या बाई. मी शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा चूक म्हणता येत नाही. पण नवऱ्याने म्हणावं असं नाही. दुसरे कोंडाजी, लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या लिलावाला बोली पुकारायचे. आता इथेच नाशिकरोडला मुलाकडे राहतात. तिसरे पंचवटीतले यज्ञेश्वर गुरुजी, गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी सांगण्यात आयुष्य गेलं. चौथ्या सिंधुबाई, मूळच्या येवल्याच्या, पैठणी विणायच्या. हाताशी निकिता आहे. तिने रुग्णसेवेचा कोर्स केला आहे. मोबाइल जरा कमी पाहील तर बरं.

मयुरेशला सांगितलं आहे, डिसेंबर संपेपर्यंत मला दे. त्याने पुण्यात निवासी केंद्र पाहून ठेवलं आहे. बाग आहे, नर्स आहे, सीसीटीव्ही आहे. बाबांना तिथे ठेवू आणि तू माझ्याकडे ये, म्हणतो. मुलगा वाईट नाही. पण यांना मी कुठे ठेवणार नाही. ठेवायला ते काही ट्रंक नव्हेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेतून जुना फळा मागवून घेतला. त्यावर रोज वार, तारीख, महिना, ऋतू लिहायचं आणि सगळ्यांकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ लावलं. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, पण मला पटतं. माणसाला आपण कुठे आहोत आणि केव्हा आहोत हे ठाऊक असलं पाहिजे. बाकीचं नंतर.

मी 'गुरुवार' लिहून वळते तो गुरुजींनी उठून पुसलं. म्हणाले, आज चतुर्थी. उपास आहे. खिचडी लागेल. मी कॅलेंडर दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, ते तुमच्या भिंतीवर असेल."

तेवढ्यात कोंडाजी म्हणाले, चतुर्थी कुठली, आज अमावस्या. अमावस्येला मार्केट बंद असतं, लिलाव नाही, म्हणून तर मी इथं बसलोय. नाहीतर मला बसायला फुरसत आहे काय? यावर दोघांची बरीच जुंपली. सिंधुबाई मध्येच म्हणाल्या की पदराचा पहिला मोर अजून झालेला नाही, इतक्यात कसली अमावस्या. त्या दिवस मोजत नाहीत, मोर मोजतात.

हे घड्याळाकडे पाहत होते. घड्याळ त्यांना मागे वाटतं. रोज वाटतं.

मी फळा पुन्हा लिहिला. चौघांनी मुकाट वाचला. जिंकले, असं वाटलं खरं, पण जेवायला बसल्यावर गुरुजींनी पोळी बाजूला सारली आणि पाहता पाहता बाकीच्या तिघांनीही सारली. चतुर्थी म्हणून. अमावस्यावाल्या कोंडाजींनीसुद्धा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारचा चहा झाला की यांची गडबड सुरू होते. उठतात, शर्टाची बटणं लावतात, दाराशी जातात. "बाई, मला सोडा. तिला घ्यायला जायचंय. पॅसेंजर यायची वेळ झाली."

हे नवं नाही. भाऊबिजेपासून चाललं आहे. यांची धाकटी बहीण, कुसुमताई, भुसावळला असायच्या, त्या दर भाऊबिजेला पॅसेंजरने यायच्या. त्या वारल्याला बरीच वर्षं झाली. मी खोटं बोलत नाही. वर्गात बोलले नाही, घरात बोलले नाही, आता सत्तरीत कशाला सुरू करू? यांना खुर्चीवर बसवते आणि सांगते, "कुसुमताई गेल्या. आता कोणी यायचं नाहीये."

मग ते रडतात. दर वेळी पहिल्यांदा कळल्यासारखे रडतात. आजही रडले. पाच मिनिटांनी विचारलं, कुसुम कधी गेली? मी सांगितलं.

निकिता म्हणाली, "काकू, नुसतं हो म्हणायला काय जातं?" मी म्हटलं, ज्याचं जातं त्याला कळतं. तिने तोंड फिरवलं. फिरवू दे.

एक मात्र मला समजत नाही. रडून झाल्यावर हे म्हणाले, "ती शेवटच्या डब्यात असते. पुढे गर्दी असते ना, आणि ती कोणाला सरका म्हणत नाही. मला उशीर झाला तर बोलणार नाही, नुसती बघेल." कुसुमताई तर साऱ्या डब्याला सरकवून मधोमध बसायच्या, आणि बोलायच्या तर इतकं की इंजिनाचा आवाज ऐकू येऊ नये. माणसाच्या डोक्यात काय काय मिसळतं!

१२ नोव्हेंबर, बुधवार

गुडघा. गरम पाण्याची पिशवी. बाकी काही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक गोष्ट पाहिली, ती नोंदवून ठेवते.

खिचडीची मागणी रोजची झाली आहे, म्हणून म्हटलं, करा तुम्हीच. हॉलमागच्या ओट्यावर चौघांना उभं केलं. मला पाहायचं होतं कोणाला किती येतं. कोणालाच येत नव्हतं. सिंधुबाई भिजलेल्या साबुदाण्याकडे पाहत राहिल्या. हात पातेल्यावर, पण पुढे काय ते नाही. गुरुजी म्हणाले, जिरं. एवढंच. सिंधुबाईंनी तूप सोडून जिरं टाकलं आणि पुन्हा थांबल्या. जिरं तडतडल्याबरोबर कोंडाजी म्हणाले, "आता मिर्ची, नाय तर करपलं." मिरची पडली. मग सगळे थांबले. तेव्हा मागून हे म्हणाले, दाण्याचं कूट कुणाकडे आहे? कूट सिंधुबाईंच्याच दुसऱ्या हातात होतं.

खिचडी झाली. चांगली झाली, हे मान्य करते. मीठ दोनदा पडलं, एवढंच.

एकाला विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं. चौघांची आठवण म्हणजे चार फाटक्या चादरी. पण भोकं एका जागी नाहीत. एकावर एक टाकल्या तर अंग झाकतं.

बी.ए.ला मी मानसशास्त्र घेतलं होतं. त्यात समूहमनावर एक प्रश्न हमखास यायचा. जमाव एकेकट्या माणसापेक्षा वेगळा विचार करतो वगैरे. मी पाठ करून लिहिलं, मार्क मिळवले आणि विसरले. विश्वास तेव्हाही नव्हता. मला वाटायचं, मन एकेकाला एक असतं, डब्यासारखं, ज्याचं त्याने धुवावं. आज जरा शंका आली. एवढंच लिहिते, जास्त नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फळ्याची लढाई मी हरते आहे.

आज आत शिरले तर फळ्यावर 'शनिवार' लिहिलेलं. खडू यांच्या हातात, अक्षरही यांचंच, स्टेशनच्या पाटीसारखं ठसठशीत. मी म्हटलं, मंगळवार आहे. तर चौघेही माझ्याकडे असे बघायला लागले, जसं वर्गात परीक्षेला कोणी चुकीची प्रश्नपत्रिका वाटावी.

"शनिवार हाय बाई," कोंडाजी म्हणाले. "शनिवारी सकाळचाच लिलाव असतो. दुपारी मोकळं. बघा ना, मी मोकळाच हाय."

गुरुजींनी चतुर्थी सोडली आहे. म्हणतात, शनिवार, मारुतीला तेल घालायचंय. सिंधुबाईंच्या मते शनिवारी पैठणी शेठकडे पोचवायची असते, म्हणून हात थांबवून बसल्या आहेत. आणि हे म्हणतात, शनिवारी ती येते.

चार जण चार दिवसांत राहायचे. अमावस्या, चतुर्थी, मोर आणि पॅसेंजर. कोणी ठराव केला नाही, कोणी कोणाला पटवलं नाही. तीन आठवडे एका खोलीत बसले आणि हळूहळू सगळे एकाच दिवशी येऊन पोचले. आणि त्या दिवसात चौघेही खूश आहेत. भांडण नाही. काही राहून गेल्याची घाई नाही. आमचे हे सोडून; पण यांची घाईसुद्धा आनंदाची.

नववीला मी स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ शिकवायची. मुलांना सांगायची, सूर्य चाळीसगावच्या माथ्यावर आधी येतो, नाशिकच्या नंतर. म्हणजे खरं तर गावागावाची दुपार वेगळी. पूर्वी लोक आपापल्या दुपारी जेवायचे. मग रेल्वे आली, आणि गाड्यांची टक्कर होऊ नये म्हणून सगळ्यांनी एक वेळ मानायची ठरवली. 'मानायची' या शब्दाखाली मी फळ्यावर रेघ मारायची. प्रमाण वेळ आकाशात नसते, माणसांनी एकमेकांसाठी मानलेली असते.

रेघ मीच मारली होती. आता या चौघांनी आपली मानली, तर मी कोणत्या तोंडाने पुसू?

तरी पुसलं. मंगळवार लिहिलं. वाचून घेतलं. पण आवाजात दम नव्हता, त्यांच्याही आणि माझ्याही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मयुरेशचा फोन. केंद्रात जानेवारीत एक खोली रिकामी होते आहे, लवकर कळवावं लागेल. मी म्हटलं, डिसेंबर माझा आहे. तो म्हणाला, आई, तू स्वतःला किती ओढतेस. मी म्हटलं, मी ओढत नाही, चालते. मग तो म्हणाला, "बाबा तुला ओळखत तरी आहेत का? मग कोणासाठी करतेस?"

फोन ठेवला. पोळ्या करायच्या होत्या.

३ डिसेंबर, बुधवार

आताच सगळ्यांना घरी पोचवून बसले, अक्षर बिघडणार.

दुपारी मी यांच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेले. गर्दी होती. हातात पिशवी, छत्री. छत्री मी उन्हातही नेते. परत येते तो हॉल रिकामा. चार खुर्च्या, चार कप. निकिता ओट्यापाशी चहाचं पातेलं धुऊन मोबाइल पाहत होती. ती रडायला लागली. मी म्हटलं, रडायचं नंतर, तू जेलरोडकडे पळ, मी स्टेशनकडे.

मुख्य रस्त्यावर पानवाल्याने सांगितलं, चौघे गेले की एका रांगेत. पुढचे आजोबा हात वर करून गाड्या थांबवत होते. ते कोंडाजी. मार्केटात ट्रॅक्टर असेच थांबवायचे. पंचवीस जणांना मी विचारलं असेल, प्रत्येकाने पाहिलं होतं, पण कोणाला ते हरवलेले वाटले नव्हते. एकटा म्हातारा रस्त्यात भांबावला तर दिसतो. चौघे मिळून भांबावले तर कुठेतरी निघालेले दिसतात.

स्टेशनच्या दाराशी चहावाला म्हणाला, त्यातले एक आजोबा बोलले, मी ड्युटीवर आहे, मग कोण अडवणार.

मी पुलावर चढले. गुडघा कुठे गेला होता देव जाणे. वरून पाहिलं तर पॅसेंजर नुकतीच लागलेली, माणसं उतरत होती, आणि फलाटाच्या पार शेवटी बाकावर तिघे बसले होते. सिंधुबाई मध्ये, दोन्हीकडच्या दोघांच्या बाह्या घट्ट धरून, मागावरचा धागा सुटू नये तशा. आणि हे उभे. सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

मी जिना उतरून उतारूंच्या गर्दीतून त्यांच्याकडे चालत गेले. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. चांगली खरडपट्टी काढणार होते चौघांची.

यांनी मला पाहिलं. माझी पिशवी पाहिली, छत्री पाहिली. आणि हसले. मला वाटतं तीन वर्षांत असं हसले नव्हते.

"लतिका," म्हणाले. "किती उशीर."

लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं मी चाळीसगावला शाळेत होते आणि हे इथे नाशिकरोडला. दर शनिवारी शाळा सुटली की मी पॅसेंजरने यायची. शेवटच्या डब्यातून. हे फलाटावर उभे असायचे. मी खाली पाय ठेवायच्या आत माझ्या हातातली पिशवी घ्यायचे आणि ताडताड पुढे चालू लागायचे, मी मागे येते की नाही ते न बघता. मला त्याचा राग यायचा. मी बोलायची नाही, नुसती बघायची.

कुसुमताई नव्हेच. मी इतके दिवस यांना भलत्याच माणसाच्या मरणाची बातमी देत होते.

"गाडी लेट होती का?" यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "लेट होती."

यांनी पिशवी घेतली आणि पुढे चालू लागले.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. हॉल बंद ठेवला. सकाळी चहा देताना मी नुसती उभी राहिले, काही न बोलता. हे म्हणाले, "बाई, साखर कमी आहे." गेलं ते. कालचं काल.

ठीक आहे. मला काही कायमचं नको होतं. निदान आता ठाऊक आहे की वाट कोणाची पाहतात.

६ डिसेंबर, शनिवार

कमिटीची मीटिंग. संतोषरावांनी खूप आढेवेढे घेतले, मी म्हटलं सरळ बोला. उद्या काही झालं तर सोसायटीवर येईल, म्हणून हॉल देता येणार नाही. त्यांचं चूक नाही, तसं मी सांगितलंही. एक बाई म्हणाल्या, एवढे चालते-फिरते वेडे सांभाळायचे म्हणजे. मी त्यांना विचारलं, तुमच्या गॅसवर काल दूध उतू गेलं ते कोणामुळे, आमच्या चौघांमुळे की मालिकेमुळे? जिन्यापर्यंत वास होता. हॉल मात्र गेला.

मयुरेशला कोणीतरी कळवलंच आहे. सतराला येतो म्हणाला. बाबांना बरोबर न्यायच्या तयारीने. आवाजात राग नव्हता, भीती होती. रागाला मी उत्तर देऊ शकते.

९ डिसेंबर, मंगळवार

सोफा विकला. शोकेस खालच्या मजल्यावर दिली. आमच्या बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि फळा मावतो. दाराला वरची कडी. तिन्ही घरच्यांशी स्वतः जाऊन बोलले, काय झालं ते न लपवता सांगितलं. मला वाटलं होतं, माणसं मागे घेतील. कोंडाजींची सून म्हणाली, "काकू, त्या दिवशी घरी येऊन बाबा पोटभर जेवले. म्हणाले, आज काम झालं." गुरुजींच्या मुलाने नुसती मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आला. सिंधुबाईंची लेक मात्र दोन दिवस विचार करते म्हणाली. मी म्हटलं, कर. मग आलीच.

निकिताला मी काम सोडायला सांगितलं नाही. ती स्वतःच मोबाइल माझ्या कपाटात ठेवून कामाला लागते.

फळ्यावर आज काही लिहिलं नाही. गुरुजी आले, खडू उचलून 'शनिवार' लिहिलं आणि बसले. पुसलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

आज तरी आमचा आणि कॅलेंडरचा वार जुळला. चौघांना त्याचं काही नाही.

मी एक ठरवलं आहे. रोज दुपारी हे दाराशी जातात. 'कोणी यायचं नाहीये' हे आता मी म्हणू शकत नाही, कारण ते खोटं आहे. यायचं मला आहे. मग यावं. सोपं आहे.

निकिताला वाटलं, मी पुलावरून उतरून गर्दीत मिसळणार. मी म्हटलं, तसलं नाटक नाही. गाडीने आले म्हणायचं असेल तर गाडीने आलं पाहिजे. मनमाडकडून येताना आमच्या अलीकडचं स्टेशन ओढा. दुपारची पॅसेंजर तिथे थांबते. रिक्षाने ओढ्याला जायचं, तिकीट काढायचं, शेवटच्या डब्यात बसायचं आणि नाशिकरोडला उतरायचं. निकिताने मला विचारलं, रोज? मी म्हटलं, आधी एकदा तर जाऊ दे.

ती हसली. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

१७ डिसेंबर, बुधवार

सविस्तर लिहिते.

मयुरेश सकाळी आला. बॅग मोठी, अर्धी रिकामी. बाबांचे कपडे त्यात जायचे होते. बाहेरच्या खोलीत चौघे आणि फळ्यावरचा शनिवार पाहून त्याने बॅग दाराशीच ठेवली. मी म्हटलं, दुपारी तू आणि निकिता चौघांना घेऊन फलाटावर थांबा. मी येते. त्यानंतर बॅग भरायची तर मी स्वतः घड्या घालून देईन. हे मी मनापासून बोलले. मुलाला शब्द दिला की दिला.

ओढ्याच्या फलाटावर थंडी होती. गाडी आली. शेवटच्या डब्यात एका बाईने स्वतःहून सरकून जागा दिली. नाशिकरोड येईपर्यंत मी छत्री दोन्ही हातांनी धरून बसले होते. परीक्षेच्या निकालाला मी कधी अशी बसले नाही.

उतरले. हे समोर होते, वरचं बटण लावून. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, पिशवी हातात, छत्री हातात, त्या दिवशीसारखीच. यांनी माझ्याकडे पाहिलं, 'बाई, नमस्कार' म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून डब्याच्या दाराकडे बघू लागले.

माणसं उतरून संपली. हे बघतच होते.

मयुरेश माझ्यामागे होता. माझ्या डोळ्यांपुढे घरातली बॅग होती, अर्धी रिकामी.

तेव्हा कोंडाजी बाकावरून उठले. "मास्तर, डब्यात काय बघता? बाई पुढ्यात उभ्या हायेत."

"या आपल्या बाई," हे म्हणाले.

"मंग? बाईच यायच्या होत्या."

यांना पटेना. कपाळाला आठी घातली. गुरुजी बसल्या जागेवरून म्हणाले, संकल्प सांगावा तसे सावकाश, "शनिवार आहे. पॅसेंजर आलेली आहे. शेवटच्या डब्यातून उतरल्या आहेत. आता शनिवारी दुसरं कोण येणार?"

हे एकदा माझ्याकडे, एकदा गुरुजींकडे पाहत राहिले. तेवढ्यात सिंधुबाई आल्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि यांच्या हातात दिली.

"घ्या हो. लांबून आल्यात त्या. गुडघा लय दुखतोय त्यांचा."

मी गुडघ्याबद्दल कधी कोणाशी बोललेले नाही.

पिशवी हातात आली तशी यांची बोटं तिच्या बंदावर मिटली. ती बोटं मला ठाऊक आहेत. यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. वळले आणि ताडताड चालू लागले, मी मागे येते की नाही ते न बघता. मागे मी, माझ्यामागे गुरुजी, कोंडाजींचा हात वर, आणि सगळ्यांच्या शेवटी सिंधुबाई, मयुरेशची बाही घट्ट धरून. तोही हरवू नये म्हणून.

पुलावर यांनी थांबून मागे पाहिलं. कधी पाहायचे नाहीत. "लतिका, जपून," म्हणाले, "पायरी तुटकी आहे." पायरी धड होती. मी जपून पाय टाकला.

घरी आल्यावर मयुरेश बराच वेळ फळ्यासमोर उभा होता. बॅग तशीच दाराशी. मग म्हणाला, "आई, असं किती दिवस चालवशील?"

"पुढच्या शनिवारपर्यंत तरी."

"आणि पुढचा शनिवार कधी?"

"उद्या," मी म्हटलं.

त्याने बॅग उचलून आतल्या खोलीत नेली. कपड्यांसाठी नाही. दोन दिवस राहतो म्हणाला.

शनिवार

ओढा ते नाशिकरोडचा पास काढला. खिडकीवरच्या मुलाने विचारलं, आजी, महिन्याचा देऊ की तीन महिन्यांचा? तीन महिन्यांचा घेतला.

गाडी वेळेवर होती.